साहेबाचे पोचट चेंडू

खरं सांगते, हे मी लिहिणारच नव्हते. दोनदा टाईप केलं अन् दोनदा पुसून टाकलं. हिंगोली अन् गोल्फ हे दोन शब्द एका ओळीत दिसले की आमच्या कॉलेजातली पोरं खिदळणार हे मला माहीत हाय. पण काल परत पेमाआजीकडं जाऊन आले अन् आता थांबवत नाही, म्हणून एका दमात लिहून टाकते. चुका झाल्या तर होऊ द्या.

सुरुवात माझ्या रॅकेटपासून झाली. ऑनलाईन घेतलेली, मोठ्या कंपनीची म्हणून. तिसऱ्याच फटक्याला मान मोडली. ती मोडकी रॅकेट मांडीवर घेऊन मी सेनगावच्या स्टँडवर गोरेगावच्या जीपची वाट बघत चिडून बसले होते. शेजारी एक लमाण आजी, हीच पेमाआजी, हातात जुन्या हस्तिदंती रंगाच्या बांगड्या, बराच वेळ माझ्याकडं बघून राहिलेली. मग म्हणाली,

"नकली निघाली व्हय?"

"हो ना आजी. पैसे गेले."

"घ्यायच्या आधी काहून न्हाई बघितलं?"

"फोनवर घेतली. फोटोत तर बराबर दिसत होती."

"फोटोत सगळंच बराबर दिसते," ती म्हणाली. "माझ्या याडीनं साहेबाचे चेंडू बघितले होते. घ्यायच्या आधी. बघितले, अन् पाच वर्षं भोगलं."

याडी म्हणजे आई. जीप आली अन् गेली, मी काही उठले नाही. त्यानंतर मी चारदा तिच्या तांड्यावर गेले, साखऱ्याच्या बाजूला हाय. जे लिहिते ते तिच्या आईचं, जमनाबाईचं. काही पेमाआजीनं स्वतः पाहिलेलं, बाकी आईच्या तोंडून ऐकलेलं.

जमनाबाईचा तांडा तेव्हा हिंगोलीच्या बाहेर, जुन्या छावणीच्या माळाला लागून होता. तिच्या आज्याच्या वेळी ही माणसं बैलांच्या पाठीवर मीठ घालून पार कोकणापर्यंत जायची-यायची. रेल्वे आली अन् बैल गेले. राहिल्या शेळ्या, कोणाची थोडी कोरडवाहू जमीन, अन् पोलिसांची हजेरी. हजेरी म्हणजे अशी, की ज्याचं नाव चौकीतल्या वहीत चढलं त्यानं रोज दिवस मावळायच्या आत चौकीपुढं जाऊन उभं राहायचं, मी इथंच हाय, कुठं चोरी करायला गेलो न्हाई, हे दाखवायला. तांड्यातल्या कोणाचंही नाव कधीही चढायचं. गावात एखादी कोंबडी हरवली तरी.

छावणी कधीच उठून गेलेली, पण माळ तसाच होता. त्या माळावर निजामाचे पाच-सहा अंमलदार, रेल्वेचा एक, तामीरातचा एक, म्हणजे रस्ते-इमारती बांधणाऱ्या खात्याचा मोठा साहेब, असे गोल्फ खेळायचे. तांड्यातले त्याला खड्ड्याचा खेळ म्हणायचे. हिरवळ-बिरवळ काही नाही, काळी माती, कुसळ अन् खड्ड्याभोवती तेल टाकून चोपलेली वाळू. जमनाबाईचा नवरा रामसिंग तिथला चौकीदार. तीन खोल्यांची क्लबची कोठी त्यानं झाडायची, पाणी मारायचं, सामानाच्या खोलीची किल्ली कमरेला ठेवायची. तांड्यात ह्या नोकरीचा मोठा मान होता, कारण चौकीदाराचं नाव हजेरीच्या वहीतून कापलं होतं.

अन् जमनाबाई त्याच माळावर शेळ्या चारायची. उन्हाळ्यात आपली काळी माती कशी फाटते तुम्हाला माहीत हाय, हात जाईल एवढ्या भेगा पडतात. साहेबांचे चेंडू त्या भेगांत जायचे. त्यांना काही सापडायचे नाहीत, जमनाबाईला सापडायचे. तिनं लोखंडी तारेची एक आकडी केली होती, पुढं मासळीच्या गळासारखी वाकडी. ती भेगेत सोडायची, हळूच फिरवायची, चेंडूला टोक रुतलं की ओढायचं. प्रत्येक चेंडूला त्यामुळं एक बारीक छेद पडायचा. चांगला चेंडू असला की नासेर मुन्शी तिला लिंबाएवढा गूळ द्यायचे. नासेर मुन्शी म्हणजे क्लबचे कारकून, बारीक अंगाचे, सारखे खोकणारे, मनानं चांगले पण सावलीलाही भिणारे. फाटका चेंडू असला की ते परत करायचे. "इसका मैं क्या करूं बाई, तू ही रख."

मग फाटके चेंडू ती ठेवायची. अन् एक टांगेवाला दर बाजाराला यायचा, तो ते घेऊन बदल्यात खडेमीठ द्यायचा. ती विचारायची, "फाटक्याचं काय करता भाऊ?" तो म्हणायचा, "लेकरं खेळतात." तिनं ह्यावर कधी जास्त डोकं चालवलं नाही.

त्रेचाळीस साल. लढाई चाललेली, रबर सगळं लढाईला. विलायती चेंडू यायचे बंद झाले अन् साहेब लोक जुनेच घासून-पुसून खेळू लागले. तशात एक सौदागर आला. पेट्या घेऊन हिंडणारा, अंगावर रेशमी शेरवानी, बोलणं असं की साखर सांडावी. बंद पेटी, वर विलायती छाप, आत कागदात गुंडाळलेले पांढरेशुभ्र चेंडू, बारा. अशा तीन पेट्या. तामीरातच्या साहेबानं तिथल्या तिथं घेतल्या. बघायचं काय त्यात, छाप होती की!

आठ दिवसांनी नांदेडहून पाहुणे आले खेळायला. साहेबानं काठी उगारली, मारली, अन् चेंडू हवेतच फुटला. नारळाच्या दोन कवट्या वेगळ्या व्हाव्या तशा दोन वाट्या झाल्या अन् आतून काय पडलं तर चिंध्या. लाखेत चिकटवलेल्या चिंध्या, वरून सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या गुंडाळलेल्या. पाहुणे हसले. साहेब नाही हसला.

सौदागराला बोलावणं गेलं. तो धावतच आला, साहेबाच्या पाया पडायचाच बाकी. म्हणाला, मी तर बंद पेटी दिली हुजूर. पेटी कुठं ठेवली होती? सामानाच्या खोलीत. किल्ली कोणाकडं होती?

सगळ्यांनी रामसिंगकडं पाहिलं.

अमीन, म्हणजे पोलिसांचा ठाणेदार, सौदागराचा दोस्त, तिथंच चहा पिऊन राहिला होता. त्यानं कप खाली ठेवला अन् रामसिंगच्या मानेला धरलं. "तेरी कौम को मैं जानता हूं." एवढंच. ना काही चौकशी ना काही. अस्सल काढून विकले अन् नकली भरले, हा गुन्हा. हजेरी तर लागलीच, पण पुढच्या मंगळवारी त्याला दूरच्या वसाहतीत पाठवणार असं ठरलं. त्या वसाहतीला तारेचं कुंपण होतं, अन् तांड्यातून तिथं गेलेले दोघं कधी माघारी आले नव्हते. जमनाबाईला तेव्हा पाचवा महिना होता. पोटात पेमाआजी.

अन् सौदागर किती चांगला बघा! म्हणाला, हुजूर, चूक माझी नाही पण तुमच्या इज्जतीसाठी सोमवारी नव्या तीन पेट्या आणतो, बदली म्हणून, अन् ह्या नकली माघारी घेऊन जातो.

म्हणजे सोमवारी नकली चेंडू गाडीत बसून निघून जाणार. अन् मंगळवारी रामसिंग.

जमनाबाई भाकरी घेऊन चौकीवर गेली. गजाआड रामसिंग बसलेला, एक डोळा सुजून बंद झालेला.

"तुमी हात लावला का पेटीला?" तिनं विचारलं.

"तू पण?"

"मी इचारते. मला एकदा सांगा."

"न्हाई लावला. झाडताना नुसती सरकवली."

"सरकवली?"

"अगं पायाखाली येत होती! सरकवली म्हणजे उघडली व्हय?"

ती घरी आली. पेमाआजी म्हणते, "याडी मला सांगायची, नवऱ्यावर इश्वास होता, पण भीती इश्वासाला खाते गं. ती रात्रंदिवस इचार करायची, ह्यानं खरंच केलं असंल तर? मागच्या दिवाळीला मला नवी फेटिया आणली होती ती कुठून आणली?" फेटिया म्हणजे लमाण बायांचा घागरा. बिचारी त्या घागऱ्याकडंही संशयानं बघायला लागली.

दुसऱ्या दिवशी ती बियाणं निवडायला बसली. आता नवरा कोंडलेला असताना बियाणं काय निवडते बाई, पण पेरणीचं काम थांबत नाही. त्यांच्यात ज्वारीचं बी मिठाच्या पाण्यात टाकून निवडायचे. साध्या पाण्यात टाकलं तर सगळंच बी बुडतं, काही कळत नाही. पाण्यात मीठ टाकत जायचं, टाकत जायचं, जोपर्यंत मीठ विरघळायचं थांबत नाही अन् खडे तळाला तसेच पडून राहत नाहीत. मग बी टाकायचं. भरीव असतं ते खाली जातं, पोचट वर तरंगतं. मिठाची वाहतूक करणाऱ्यांची पोरं, मिठाचं पाणी त्यांना आपल्या अंगणासारखं माहीत.

तिच्या पाटीत दोन चेंडू होते. एक जुना, अस्सल, भेगेतून काढलेला. एक नवा, पांढरा, साहेबाचा चेंडू फुटायच्या दोन दिवस आधी माळावर हरवलेला, तिनं मुन्शींना द्यायचा म्हणून ठेवलेला. हातात घेतले तर दोन्ही सारख्याच वजनाचे वाटायचे. पण तिनं आधीच हेरलं होतं की नव्याला टप् असा आवाज येतो, खणखणीत नाही, अन् बोटानं दाबून फिरवलं की मध्यावर एक बारीक शिवण लागते, रंगाखाली. वासही यायचा, लाखेचा. पण वास अन् आवाज साहेबापुढं कोण ऐकणार?

तिनं दोन्ही त्या मिठाच्या पाण्याच्या घंगाळात सोडले.

जुना सरळ तळाला गेला. नवा बुडाला, अन् मग हळूहळू वर आला. तिनं दाबला. परत वर आला.

जमनाबाई उठली ती तशीच नासेर मुन्शींकडं. ते क्लबच्या मागच्या ओट्यावर बसून कागद चाळत होते.

"मुन्शीजी, सोमवारच्या पेट्या घ्यायच्या आधी मला एक घंगाळ पानी अन् चार शेर मीठ मांडू द्या. साहेबापुढं."

"पागल हुई क्या?"

"बंद पेटी. सौदागरानं सोता फोडायची. कोणाची किल्ली न्हाई, कोणाचा हात न्हाई. त्यातला चेंडू वर आला तर मग माझ्या मालकानं काहून बदलले म्हणायचं?"

मुन्शी खोकत राहिले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "और अगर नए वाले अच्छे निकले तो? वो बेवकूफ थोड़ा है. फिर तेरा मर्द तो गया ही, तू भी जाएगी. झूठा इल्जाम."

हे तिच्या ध्यानात आलंच नव्हतं.

"लढाई चालू हाय ना," ती शेवटी म्हणाली. "चांगले आणणार कुठून?"

"बाई, मेरे भी चार बच्चे हैं." मुन्शींनी कागद गोळा केले. जाता जाता, मागं न बघता, म्हणाले, "दस बजे आएगा. साहब की चाय के वक्त."

तांड्यावर तिनं नायकाला सांगितलं. धर्मसिंग नायक, तांड्याचा मोठा, पांढऱ्या मिशांचा. तिनं अर्धंच सांगितलं असंल नसंल, तो ताडकन उठला.

"मीठ? साहेबापुढं मीठ टाकणार तू?"

"चेंडू बघायला, नायक."

"पान्यात मीठ टाकलं का ती आण झाली! पोरगी हायेस का तू, एवढं कळत न्हाई?"

ही खरी अडचण होती, अन् ती दुसऱ्या कोणाला पडलीच नसती. लमाणांच्यात पंचापुढं लोट्यातल्या पाण्यात मीठ टाकून शपथ घ्यायची रीत होती. जो खोटं बोलंल तो ह्या मिठासारखा विरघळून जाईल. अन् एकट्याचं नाही, ज्यानं मीठ टाकलं त्याच्या अख्ख्या घराचं. खोटं निघालं तर तांडा त्या घराला बाहेर काढणार, पाणी बंद, आगटीचा विस्तव बंद. बियाणं निवडतात तेव्हाचं मीठ वेगळं, घरातलं. चार माणसांपुढं टाकलेलं मीठ वेगळं.

"मी शपथ घेऊन राहिले न्हाई," जमनाबाई म्हणाली. "मी तपासून राहिले."

"तू काय करते ते तुला ठाव. बघणारे काय बघतील? सगळा तांडा तिथं येणार. मीठ पडलं का आमची जबान पडली. रामसिंगनं हात मारला असंल, मग?"

"न्हाई मारला."

"तुला पक्कं हाय?"

नायकानं तिच्याकडं बघितलं, अन् त्याला कळलं की तिला पक्कं नाही.

"मग मीठ रामसिंग टाकंल," तो म्हणाला. "त्याच्या हातानं. थरथरला हात तर तिथंच बंद करू. अन् जमना, तुझाबी हात लागला मिठाला तर तूबी बांधली गेलीस. ध्यानात ठेव. त्या पान्यापुढं मग काही लपवता येनार न्हाई."

सोमवार. दहा वाजता ऊन असं की वाळूवर पाय ठरेना. साहेब व्हरांड्यात आरामखुर्चीत, अमीन बाजूला, सौदागर पेट्या उतरवून घेतोय. तांडा सगळा कुंपणापाशी येऊन उभा. जमनाबाई घंगाळ डोक्यावर घेऊन आली अन् पायरीपाशी ठेवलं. साहेबानं विचारलं हे काय. ती काही बोलूच शकली नाही. अन् मग मुन्शी खोकले अन् अगदी बारीक आवाजात म्हणाले, "हुजूर, लेने से पहले परखने की एक देहाती तरकीब है. इजाजत हो तो तमाशा समझकर देख लीजिए."

'तमाशा' म्हणाले म्हणून साहेब हसला. हसला म्हणजे हो म्हणाला. सौदागर पण हसला, पण त्याचा हात पेटीच्या झाकणावरून निघेना.

नायकानं अमीनला हात जोडले, रामसिंगला मोकळं करा एवढ्यापुरतं. चौकीतून आणला त्याला. एक डोळा अजून मिटलेला. मिठाचं फडकं त्याच्यापुढं धरलं. जमनाबाई त्याच्या हाताकडंच बघत होती, तोंडाकडं नाही. त्यानं ओंजळ भरून मीठ घेतलं अन् टाकलं. परत घेतलं, परत टाकलं. हात दगडासारखा स्थिर. ते बघून उरलेलं मीठ तिनं स्वतः टाकलं, कोपरापर्यंत हात घालून ढवळलं.

आधी साहेबाच्या थैलीतला लढाईच्या आधीचा चेंडू टाकला. बुडाला, तळाला बसला. मग साहेबानं सौदागराला सांगितलं, फोड पेटी. फोडली. पहिला चेंडू टाकला, बुडाला, अन् वर आला.

दुसरा वर. तिसरा वर. पेमाआजी सांगताना बोटं मोजते. बाराच्या बारा, पांढरे, अंड्यासारखे पाण्यावर.

"पोचट हायेत, साहेब," जमनाबाई म्हणाली. एवढं बोलता आलं तिला.

कुंपणापाशी कोणीतरी रडलं. सौदागर म्हणाला मलाच मुंबईवाल्यानं फसवलं, मी गरीब माणूस. साहेबाचा चेहरा लाल झालेला. सगळं बराबर झालं होतं! मी हे ऐकताना उड्याच मारायची बाकी होते, पेमाआजीचा हात दाबून म्हटलं, जिंकल्या ना मग! आजी म्हणाली, "ऐक पुढं."

मिठाच्या पाण्यानं रंग सुटायला लागला. नवा रंग, कच्चा. पापुद्रे निघाले, खालचा जुना पिवळट रंग दिसला, अन् त्यावर लाखेनं बुजवलेला एक बारीक छेद. जमनाबाईनं तो सगळ्यांच्या आधी पाहिला. तिच्या आकडीचा छेद. दुसऱ्याला पण. तिसऱ्याला पण. तिनं भेगांतून काढलेले, मुन्शींनी परत केलेले, मिठाच्या बदल्यात टांगेवाल्याला दिलेले फाटके चेंडू. त्यांचीच कातडी सोलून आत चिंध्या भरल्या होत्या. अन् तोच टांगेवाला आज सौदागराच्या पेट्या घेऊन आलेला, फाटकापाशी उभा होता.

अमीननं एक चेंडू उचलला. फिरवला. "ये छेद कैसा?"

आकडी तिच्या कमरेलाच होती. शेळ्या सोडून आलेली ती, रोजच्यासारखी खोचलेली. पदराखाली सरकवली असती तर सरकली असती. कोणाचं लक्ष नव्हतं. ती पेमाआजीला सांगायची, माझा हात तिथवर गेलाही होता. पण कोपरापर्यंत मीठ वाळून पांढरं झालेलं होतं, अन् समोर नायक उभा होता.

तिनं आकडी काढली अन् पायरीवर ठेवली.

"माझे छेद हायेत. फाटके चेंडू मी काढले. ह्यांच्या टांगेवाल्याला दिले. मीठ घेतलं."

"मैं इस औरत को जानता तक नहीं!" सौदागर ओरडला.

"यानी चोरी का माल तूने बेचा," अमीन म्हणाला. त्याला जे पाहिजे होतं ते सापडलं होतं.

"फाटके होते, मालक. मुन्शीजींनी परत दिलेले..."

सगळे मुन्शींकडं वळले. नासेर मुन्शी व्हरांड्याच्या खांबाला धरून उभे. तोंडावर घामाच्या धारा. ते गप्प राहिले असते तर कोणीच काही बोललं नसतं. त्यांनी खांब सोडला. मग म्हणाले, "जी हुजूर. मैंने लौटाए थे. और इनका तांगेवाला हर बाजार के दिन फाटक पर आता था. मैंने देखा है."

बस, एवढंच. ह्या दोन-चार वाक्यांमुळं त्यांची नोकरी पुढच्या महिन्यात गेली, ते हट्ट्याला बहिणीकडं राहायला गेले, अन् खोकतच वारले.

साहेब उठला. रामसिंगला सोडून द्या म्हणाला. सौदागराला म्हणाला, चालता हो. अटक नाही, काही नाही, पेट्या घेऊन गेला तो, पुढच्या कुठल्यातरी गावात विकल्याच असतील. साहेबाला ही गोष्ट वाढवायची नव्हती, पाहुण्यांपुढं एकदा हसू झालं होतं तेवढं बास होतं. अन् तो आत निघून गेला.

मागं राहिला अमीन. त्याचा सौदागर दोस्त गेला होता, कैदी सुटला होता, अन् अख्खा तांडा बघत होता. त्यानं वही मागवली.

"बारह गेंद में छेद है. छेद करनेवाली का नाम तो लिखना पड़ेगा."

अन् लिहिलं. रामसिंगच्या जागी जमनाबाईचं.

त्या दिवसापासून रोज, दिवस मावळायच्या आत, चौकीपुढं. सातव्या महिन्यात गेली, नवव्यात गेली. पेमाआजी जन्मली त्या दिवशी सुद्धा रामसिंगनं तिला बाजेवर बसवून दोघांच्या मदतीनं नेली, कारण एक दिवस चुकला की वसाहत. ताप असला तरी. सासू वारली तेव्हा तिरडी उठायच्या आधी जाऊन आली. रामसिंग बरोबर चालायचा, पण चौकीच्या शंभर पावलं अलीकडं थांबायचा. त्याला पुढं जाववत नव्हतं. बाजारात कोणाशी बोलताना सुद्धा ती आधी सावली बघायची, किती लांबली. हसत असली तरी मध्येच उठून बाहेर ऊन बघून यायची. तांड्यानं तिला मान दिला, नायक तिला "खऱ्याची बाई" म्हणायचा, पण तिच्याबरोबर रस्त्यानं चालायला बायका भ्यायच्या. हजेरीवाल्याच्या बरोबर दिसलं की आपलं पण नाव चढंल म्हणून. मी आजीला विचारलं, तिला कधी पस्तावा झाला का, आकडी लपवली असती तर? आजी म्हणाली, "ते तिनं कधी न्हाई सांगितलं. पण खडेमीठ घरात आलं का ती बाहेर जाऊन बसायची."

हे अठ्ठेचाळीसपर्यंत चाललं. त्या वर्षी तर भीतीला काही सुमारच नव्हता, रोज काहीतरी ऐकू यायचं, अमुक गाव जाळलं, तमुक गावचे लोक रानात पळाले. तांडा पण दोन वेळा रानात गेला. जमनाबाई रानातून सुद्धा संध्याकाळी चौकीवर यायची! पेमा पाच वर्षांची, आईचं बोट धरून. आजीला हे स्वतःला आठवतंय, आईच्या हाताला किती घाम असायचा ते.

मग सप्टेंबरात फौज आली, निजामाचं राज्य गेलं. अमीन रातोरात कुठंतरी निघून गेला. चौकीला कुलूप. वही कुठं गेली कोणालाच माहीत नाही, जाळली म्हणतात, नेली म्हणतात. पण जमनाबाईला कोणी सांगितलंच नाही की तुझं नाव सुटलं. कोण सांगणार? ते ज्याचं काम तोच पळालेला.

ती दुसऱ्या दिवशी गेली. कुलपापुढं उभी राहिली, अंधार पडेपर्यंत. तिसऱ्या दिवशी गेली. रामसिंग म्हणाला, "अगं कोणी न्हाई तिथं." ती म्हणाली, "वही तर असंल." अकरा दिवस ती त्या बंद दरवाज्यापुढं जाऊन उभी राहिली, पेमाला घेऊन. बाराव्या दिवशी पाऊल उचलेना म्हणून उंबऱ्यावरच बसली, अन् दिवस मावळला, अन् काहीच झालं नाही. आजी सांगते, त्या रात्री याडी जेवली नाही, झोपली नाही, पहाटेपर्यंत दाराकडं बघत होती, कोण येतंय धरायला.

कोणी आलं नाही. त्यानंतर ती तेहतीस वर्षं जगली. कोणीच आलं नाही. अन् तिला ते कधीच खरं वाटलं नाही.

पेमाआजी आता ब्याऐंशीची हाय. साखऱ्याच्या तांड्यावर पाण्याच्या टाकीच्या मागं तिसरं घर, दाराला निळा रंग. डाव्या कानानं ऐकू येत नाही, म्हणून उजव्या बाजूला बसा. दुपारी दोननंतर जा, सकाळी ती शेळ्यांमागं असते. तिला गोष्ट सांगायला लावू नका, नुसतं बसा, ती आपोआप सुरू करते. मागच्या वेळी तिला धाप लागत होती, अन् लेक तिला दिवाळीनंतर पुण्याला घेऊन जायचं म्हणतोय, तिथं गेल्यावर ती कोणाशी बोलणार? तुम्ही सेनगाव, गोरेगाव, हिंगोली, कुठलेही असा, तासाभराची वाट हाय. ह्या आठवड्यात जा. खरंच, जाऊन या.